पटक्यांचा पडदा

वरखडीला सिनेमाचं वेड लागलं ते एका परक्या माणसाच्या तापापायी. नऊ वर्षांमागे सोलापूरकडचा सिनेमाचा एक तंबूवाला बैलगाडीत मशीन घालून धारूरचा घाट उतरत होता, तो वरखडीच्या शिवारात तापानं आडवा झाला. गावानं त्याला तीन महिने सांभाळलं. भिवराबाईनं त्याला पेज पाजली, देवळाचा राखणदार धुळाजी यानं त्याची घाण काढली. बरा झाल्यावर तो म्हणाला, आता ही गाडी माझ्यानं ओढवत नाही, तुम्हीच ठेवा. एक मशीन, सहा डब्यांत भरलेला रामाचा मुका खेळ आणि एक पांढरा पडदा. भिवराबाईच्या नवऱ्याला, गहिनीनाथला, त्यानं मशीनचा दांडा फिरवायला शिकवलं आणि तो आपल्या वाटेनं गेला.

तेव्हापासून मशीन गावकीचं. मारुतीच्या देवळासारखंच, कुणा एकाचं नाही. मशीनच्या दिव्याचा मसाला केजहून आणायची पाळी एका घराची, मैदान सारवायची दुसऱ्याची, पाणी भरायचं बायकांचं. आठ गावांचे लोक खेळ बघायला येत आणि माणशी चिपटंभर जोंधळे देत. ते सगळे गावच्या पेवात, जमिनीखालच्या धान्याच्या कोठारात, जात. मागल्या दुष्काळात ते पेव उघडलं म्हणून वरखडीतलं एकही घर पोट घेऊन परमुलखात गेलं नाही. गावात लहान पोरसुद्धा त्या मशीनला पाय लावत नसे.

पडद्याच्या पुढं बाप्ये बसत, मागं बायका. पडदा ओलाचिंब केला की चित्र मागूनही दिसतं, म्हणून खेळाआधी बायका तीस घागरी पाणी वाहून आणत आणि पडद्यावर मारत. मागून सगळं उलटं दिसे. राम डाव्या हातानं बाण सोडी, सीता उजव्या खांद्यावर पदर घेई. भिवराबाईच्या शेजारची कडूबाई तोंडाची मोकळी. ती दर खेळाला म्हणायची, "बाप्यांचा राम उजवा आन आपला डावरा. आपल्या वाट्याला देव बी उरलंसुरलं येतंय गं." बायका तोंडाला पदर लावून हसत. नऊ वर्षांत भिवराबाईनं समोरून खेळ एकदाही बघितला नव्हता.

फसली तेराशे अडतीसच्या, म्हणजे एकोणीसशे अठ्ठावीसच्या, खंडेनवमीला हे सगळं जळून जायची वेळ आली. आणि ते कुणामुळे, हे एकट्या भिवराबाईला ठाऊक होतं.

खंडेनवमीला घरोघर औतं पूजतात. तिफणीला, विळ्याला, कुऱ्हाडीला हळदकुंकू लागतं, निरांजन ओवाळलं जातं. गहिनीनाथनं सकाळी देवळाच्या ओवरीत जाऊन मशीनला झेंडूची माळ घातली, हात जोडले आणि कुलूप लावून तो शेतावर गेला. दिवा त्यानं नेला नाही. तंबूवाल्याची ताकीद होती, खेळ मिटला की डब्यांतल्या फितीच्या दहा हात आसपास विस्तव आणायचा नाही. गहिनीनाथ ती ताकीद देवाच्या शपथेसारखी पाळायचा. ओवरीच्या पायरीवर बसणाऱ्या धुळाजीला तो चिलीमसुद्धा दुसऱ्या टोकाला जाऊन ओढायला लावी.

भिवराबाईला ताकीद माहीत होती. पण नऊ वर्षं तिच्या मनात एकच गोष्ट सलत होती. घरातल्या कुऱ्हाडीला दिवा ओवाळतो, आणि डब्यात साक्षात राम-सीता आहेत त्यांना नाही? हे कुठलं शहाणपण? किल्ली घरातच खुंटीला असे. दुपारी गडीमाणूस सगळं रानात, धुळाजी पायरीवर डुलक्या घेत होता. ती ओवरीत शिरली. बंद डब्याला ओवाळून देवाला काय दिसणार, म्हणून तिनं वरच्या दोन डब्यांची झाकणं काढली. फितीवर कुंकवाची चिमूट टाकली, निरांजन ओवाळलं, पदर पसरून नमस्कार केला. मग निरांजन तिथंच, डब्यांपुढच्या दगडावर ठेवलं. देवापुढचा दिवा फुंकून विझवायचा नसतो, तो आपसूक शांत व्हावा लागतो. दार नुसतं ओढून, कुलूप कडीलाच लटकत ठेवून, ती घरी आली आणि तिनं तव्यावर भाकरी टाकली.

भाकरी उलटायच्या आत हाळी आली, "जळ्ळं! जळ्ळं!"

ती पोचली तेव्हा ओवरीच्या दारातून पिवळा धूर लोळत होता. असला वास तिनं जन्मात घेतला नव्हता, घसा कापणारा. धुळाजी आत होता. म्हातारा खोकत, शिव्या देत, मशीन उराशी धरून फरफटत बाहेर आला. त्याच्या दोन्ही तळव्यांची सालं लोंबत होती. मशीन वाचलं. खाली ठेवलेले चार डबे वाचले. वरचे दोन डबे आणि त्यांच्या शेजारी घडी घालून ठेवलेला पडदा यांची राख झाली.

बायकांनी पाणी मारलं. भिवराबाई सगळ्यांच्या आधी आत शिरली आणि राखेतलं काळं पडलेलं निरांजन तिनं उचलून लुगड्याच्या ओच्यात लपवलं. ते अजून तापलेलं होतं. लुगड्यातून चटका पोटाला बसला, कातडी चरचरली, पण ती तशीच घागरी आणत राहिली.

संध्याकाळी चावडीवर गाव जमलं. सुंदरराव पाटील तक्क्याला टेकले नव्हते, म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

"संकष्टीला पोलिसातले अमीनसाहेब येणार हायेत," पाटील म्हणाले. "खेळाचा परवाना दरसाल खेळ बघूनच देत्यात, ते तुमास्नी ठावं हाय. आन देवळात आग लागली ही खबर आज ना उद्या त्यांच्या कानावर जातीयाच. ते इचारतील, कुणाच्या हातनं झालं. नाव सांगाया पायजे. न्हाई सांगितलं तर गावच चोर. मशीन उचलून नेतील."

ओवरीचं कुलूप कुणी काढलं, हे त्या गोंधळात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. हळूहळू सगळ्यांच्या माना चावडीसमोरच्या ओवरीच्या पायरीकडे वळल्या. धुळाजी तिथं हात वर धरून बसला होता.

"धुळाजी, चिलीम वढत हुतास का रं?"

"वढली हुती," म्हातारा म्हणाला. "तकडं, त्या टोकाला. मग डुलका लागला. ठिणगी दाराच्या फटीतनं गेली आसंल, पाटील. माजीच आसंल. मला काय सांगता येईना."

चावडीच्या दाराच्या आडून ऐकणाऱ्या भिवराबाईनं चौकट घट्ट धरली. त्यानं नाही म्हटलं असतं, भांडला असता, तर तिला सोपं गेलं असतं. पण तो बिचारा कबूल करून मोकळा झाला. तिनं तोंड उघडलं, आणि तिला पुढचं दिसलं. अमीन. जवान. नवऱ्याच्या दंडाला दोरी. घरात ठेवलेली किल्ली कुणाची? गहिनीनाथची. तिनं तोंड मिटलं.

मग गाव कामाला लागलं. पडद्याशिवाय खेळ नाही, आणि पडदा कुठून आणायचा? बाजारातलं कोरं पांढरं कापड म्हणजे प्रेतावर घालायचं. गावात देव जळला, आता कफनाच्या कापडावर त्याला उभा करायचा? बायकांनी साफ नकार दिला. उपाय सुचला तो कडूबाईला.

"पटकं द्या की," ती पाटलांच्या वाड्यापुढं उभी राहून म्हणाली. "पांढरं पटकं. वीस-वीस हात लांब कापड डोक्याला गुंडाळून हिंडता तुमी. फाडायचं न्हाई, दुमडून शिवायचं."

बाप्ये गडबडले. डोक्याचा पटका काढून बाईच्या हातात द्यायचा? पटका उतरवतात तो बाप मेल्यावर. पण दुसरं काही सुचत नव्हतं. आधी पाटलांनी आपला उतरवला. उघडं टक्कल घेऊन ते आत गेले ते दोन दिवस बाहेर आले नाहीत. मग एकेक करत अठरा पटके जमले. पेरणीचे दिवस, ऑक्टोबरातलं ऊन डोक्यात शिरत होतं, आणि वरखडीचे गडी उघड्या डोक्यानं तिफण हाणत होते. शेजारच्या शिवारातून कुणी हाळी दिली, "कोण गेलं रं?" की ते मान खाली घालून बैलावर ओरडत.

बायकांनी पटके राखेच्या निवळीत उकळले. नऊ-दहा वर्षांचा घाम, तेल, धूळ. तीन पाण्यांनी ते कसेबसे पांढरे झाले. मग देवळापुढं चवाळ्यावर बसून काठाला काठ जोडून शिवण सुरू झाली. भिवराबाईची सुई सगळ्यांत जलद चालत होती. वाकली की पोटावरचा फोड लुगड्याला घासे.

"दमानं गं," कडूबाई म्हणाली. "तुज्या मागं काय अमीन लागलाय व्हय?"

बायका हसल्या. भिवराबाईच्या बोटात सुई घुसली.

दिवसातून दोनदा ती धुळाजीच्या हातांना चुन्याची निवळी आणि तेल घोटून लावायची. ते काम तिनं मागून घेतलं होतं. हात भोपळ्यागत सुजले होते, बोटं मिटत नव्हती. जेवताना ती त्याला घास भरवी.

"लई करतीस गं माजं," म्हातारा म्हणायचा. "मी गावाचं वाटुळं केलं, आन तू मला भरवतीस."

"नका बोलू बाबा तसं."

"अमीन मारंल का गं? तळव्यावर मारत्यात म्हणं. तळवंच न्हाईत तर कुटं मारंल?" आणि तो स्वतःच हसला. भिवराबाईला हसता आलं नाही. रात्री ती जागीच होती, पहाटे तिनं नवऱ्याला सांगून टाकलं.

गहिनीनाथ मशीनची चाकं पुसत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं. हातातली चिंधी खाली ठेवली.

"किल्ली तू घेतलीस?"

"व्हय."

"झाकण काडलंस?"

"व्हय."

त्यानं उठून दार ओढून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "कुणाला बोलू नगस. तुजं नाव आलं की माजं आलं. मशीन गेलं की पेव गेलं. म्हाताऱ्याला काय, दोन फटकं बसतील. साऱ्या गावाचं बघायचं का एका म्हाताऱ्याचं?"

"त्याला हातच न्हाईत वो मार खाया."

"गप म्हणलं ना!" तो ओरडला आणि लगेच दाराकडं बघितलं. भिवराबाईला तेव्हा कळलं की नवराही तिच्याइतकाच भ्यालाय. त्यानंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

संकष्टीला भिवराबाईनं उपास धरला. ऊन उतरायला अमीन आला. घोड्यावर तो, मागं दोन जवान. खेळाच्या मैदानात गाव उभं होतं, आणि त्यातले अठरा जण उघड्या डोक्यांचे. सरकारी माणसापुढं बोडकं उभं राहणं म्हणजे बेअदबी. अमीनच्या कपाळाला आठी पडली.

"क्या बे पटेल, गाव में कौन मरा?"

"कोन न्हाई, सरकार." पाटलांचा आवाज चिरका आला. "पटक्याचा पडदा शिवलाय. आमचा पडदा जळला."

"आग किसने लगाई?"

पाटलांनी धुळाजीकडे बोट केलं. म्हातारा पुढं झाला आणि विचारायच्या आत त्यानं दोन्ही हात पुढं केले. हातांना तेलाच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"पट्टी खोल," अमीन म्हणाला. जवानानं छडी काढली.

धुळाजीनं दातांनी चिंधी ओढायला सुरुवात केली. ती कातड्याला चिकटली होती, निघेना. बायका पडद्यामागं उभ्या होत्या, पडदा नुकताच बांधला होता, कोरडा. त्याच्या आडून भिवराबाईला म्हाताऱ्याची पाठ दिसत होती.  भिवराबाईचे पाय चालू लागले. कडूबाईनं तिचा पदर धरला, तो सुटला. ती पडद्याच्या कडेनं पुढं आली, बाप्यांच्या बाजूला, जिथं नऊ वर्षांत ती कधी आली नव्हती. कनवटीतून तिनं काळं निरांजन काढलं आणि अमीनच्या घोड्यापुढं मातीत ठेवलं.

"दिवा माजा हुता," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "म्हाताऱ्यानं काय केलं न्हाई. मी देवाला ववाळलं आन दिवा तितंच ठिवला. बाबांनी मशीन भाईर काडलं."

 अमीननं निरांजनाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"दिया बुझाया क्यों नहीं?"

"देवाचा दिवा फुकायचा नसतुया, साहेब."

जवान हसला. अमीन हसला नाही. "औरत पर हाथ नहीं उठाता मैं. शौहर कौन है इसका?"

गर्दी दुभंगली. गहिनीनाथ पुढं आला. त्यानं बायकोकडं बघितलं नाही. उजवा हात पुढं केला.

पाच छड्या. भिवराबाईनं प्रत्येक ऐकली. तिसरीला गहिनीनाथच्या तोंडून आवाज निघाला. पाचवी झाल्यावर त्यानं हात काखेत दाबून धरला. पाटील खाली बघत होते. धुळाजी रडत होता, त्याला काय झालं हे अजून पुरतं कळलं नव्हतं.

"अब खेल दिखाओ," अमीन खुर्चीवर बसत म्हणाला. "चाँद निकलने से पहले. नहीं हुआ तो मशीन मेरे साथ जाएगी."

दिवेलागण झाली. गहिनीनाथचा हात सुजलेला, आता दांडा कोण फिरवणार? खेळ चालू असताना जो पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगतो, त्या रामहरीनं दांडा धरून बघितला. हात एकदा जोरात, एकदा हळू. दिव्याच्या तोंडाशी फीत अडली, तोच घसा कापणारा वास नाकात गेला, आणि रामहरीनं दांडा सोडून दोन उड्या मागं मारल्या. गहिनीनाथनं डाव्या हातानं झडप घालून फीत ओढून घेतली. एक बोटभर जळली होती.

"हात थांबला की पेटतंय ते," तो म्हणाला. "जात्याच्या एका फेऱ्याला ह्याचं दोन. दम तुटाया न्हाई पायजे. हे दळणाऱ्या हाताचं काम हाय." मग बायकोकडं न बघता म्हणाला, "चल."

भिवराबाई मशीनजवळ गेली. पोटात अन्नाचा कण नव्हता. गहिनीनाथनं डाव्या हातानं फीत चढवली, दिव्याचा मसाला पेटवला. पांढरा झोत निघाला. त्याची धग तिच्या गालाला लागली. तिनं दांडा धरला. लाकडी मूठ नवऱ्याच्या हातानं नऊ वर्षं घासून गुळगुळीत झाली होती. तिनं डोळे मिटले आणि जात्याची ओवी मनात धरली, तोंडातून निघू न देता.

पडद्यामागून पाणी सपासप पडलं. पटक्यांच्या शिवणी ओल्या होऊन दिसेनाशा झाल्या. रामहरीनं घसा साफ करून जळालेल्या दोन डब्यांची गोष्ट तोंडानं सांगून टाकली. जन्म, लग्न, वनवास, सगळं चार वाक्यांत. मग पडद्यावर अरण्य उभं राहिलं.

भिवराबाईनं डोळे उघडले, पण पडद्याकडं बघायचं धाडस होईना. ती फितीकडं बघत होती. भोकं एकेक करत दातांवर बसत होती. दंड भरून आला, खांद्यात कळ उठली, पोटावरचा फोड फुटून लुगडं ओलं झालं. थांबलं की पेटणार. आणि या खेपेला नाव घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. डबा बदलताना गहिनीनाथ म्हणे, "हळू," नाहीतर "दम," बाकी काही नाही. बाजूला धुळाजी हात वर धरून बसला होता, पाण्याची घागर पायाशी घेऊन.

शेवटच्या डब्यात मैदानात कुणीतरी "सियावर रामचंद्र की" असं ओरडलं आणि तिची मान आपसूक वर झाली. पडद्यावर राम उभा होता. भला मोठा, पटक्यांवर उभा. त्यानं भाता चाचपला, बाण काढला, प्रत्यंचा ओढली. उजव्या हातानं. भिवराबाईला हुंदका आला, पण हात थांबवता येत नव्हता, म्हणून तिनं तो गिळला आणि दांडा फिरवत राहिली.

"संपलं गं बाय," धुळाजी म्हणाला. "सोड आता." पडदा नुसता पांढरा झाला होता, तरी ती फिरवत होती. गहिनीनाथनं डाव्या हातानं तिची बोटं एकेक करून मुठीवरून सोडवली. बोटं वाकडीच राहिली.

अमीन उठला. डोंगरावर चंद्राची कड दिसत होती.

"पटेल, परवाना एक साल का," तो म्हणाला. "जिसका हाथ दांडे पर, उसका नाम कागज़ पर. आगे आग लगी तो मैं इसी को पकडूंगा, मर्द-औरत नहीं देखूंगा. नाम क्या है इसका?"

सगळं गाव तिच्याकडं बघत होतं. आपलं नाव सरकारी कागदावर, जन्मात कधी नाही ते.  पाटील सांगायला लागले, पण गहिनीनाथ मध्येच बोलला.

"भिवराबाई," तो म्हणाला. "भिवराबाई गहिनीनाथ."

अमीनचं घोडं गेलं. चंद्र वर आला, बायकांनी ओंजळीतून पाणी सोडलं. भिवराबाई दगडावर बसून चुन्याची निवळी घोटत होती. आज दोघांच्या हातांना पुरेल एवढी लागणार होती. तिचा उजवा हात वर होत नव्हता, म्हणून ती डाव्यानं घोटत होती.

ओल्या पडद्याच्या कडेनं कडूबाईनं डोकं बाहेर काढलं. गप्प राहणं तिच्या रक्तात नव्हतं.

"भिवरे, फुडून कसा दिसतुया गं आपला राम?"

भिवराबाईनं नवऱ्याचा सुजलेला हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. त्यानं तो मागं घेतला नाही.

"उजवाच हाय," ती म्हणाली, आणि तेल लावायला लागली.